जित्या माणसाला न काढणारा चितारी

आमच्या शाळेचे मास्तर परवा घरी आले. खुर्चीवर नीट बसायच्या आधीच म्हणाले, "नाना, त्या फ्रान्सच्या चिताऱ्याला पाहिलेले तुम्हीच एक उरलात. त्याच्यामुळे आपल्या गावचं नाव सातासमुद्रापार गेलं. शाळेच्या अंकासाठी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या."

मी म्हटलं, "लिहितो. पण चांगले मागू नका. आहेत ते देईन."

मी दुसरीतून उठलेला माणूस. अक्षर माझं बैल मुतल्यासारखं जातं. पण मास्तरांनी दुसऱ्या कोणाला सांगून लिहवून घेऊ म्हटलं, ते मला चाललं नाही. माझ्या घरची गोष्ट मी दुसऱ्याच्या हाताने लिहिणार नाही. आणि एक पहिल्यांदाच सांगून टाकतो, त्या माणसाच्या चित्रात मला कधी काही खोट दिसली नाही. त्याने काढलेली घागर पाहून गाय पाणी प्यायला पुढे आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. खोट होती ती दुसरीकडे.

तो आमच्या गाडीत आपणहून चढला. धुळ्याच्या जिनात कापूस घालून मी रिकामी गाडी घेऊन निघालो होतो. फाटकाबाहेर हा उंच, वाळक्या तुरकाठीसारखा गोरा माणूस उभा. डोक्याला आमच्यासारखाच पटका, पण बांधलेला असा की अर्धा गळ्यात आलेला. काखेत पत्र्याची एक लांब नळी. गाडीत चढला, बसला आणि बैलांकडे बघून म्हणाला, "चला, तुम्ही."

बैलांना तो शेवटपर्यंत अहो-जाहो करायचा. आणि आमच्या गावच्या पाटलाला अरे-तुरे. कोणीतरी समजावून सांगितलं, तर म्हणाला, "बैल काम करतो."

मी विचारलं, "साहेब, जाणार कुठं?"

"जिथून माणसं गेली तिथं."

मला उलगडा होईना. मग त्याने हाताने फावडं मारल्यासारखं केलं, दूर पश्चिमेला हात दाखवला, आणि मला कळलं. पहिल्या मोठ्या लढाईत सरकारने आमच्याकडची माणसं गोळा करून बोटीने नेली होती. लढायला नाही. खड्डे खणायला, लाकडं तोडायला, मढी उचलायला. बंदुकीऐवजी फावडं दिलेली पलटण. साक्रीकडच्या डोंगरातले भिल गेले, सोनगीरच्या बाजूचे गेले, आमच्या गावचे गेले. त्यात माझा मोठा भाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. लग्न होऊन वर्ष सरलं नव्हतं. भुकेने गेला नाही, घरी सगळं होतं. "समुद्र पाहून येतो," म्हणाला आणि गेला.

लढाई संपली, लोक आले. पायांत बूट घालून आले, शिट्या मारत आले. दादा आला नाही. त्याच्याबरोबरचे म्हणाले, आम्हाला बंदरावरच वेगवेगळं केलं. धुळ्याच्या कचेरीत दहा खेपा घातल्या. तिथला कारकून म्हणायचा, मेल्याची खबर नाही, आल्याचीही नाही. मग आहे कुठं? तो म्हणायचा, ते आम्हाला कसं माहीत असणार?

असा माणूस घरात असला की घर कसं होतं ते ज्याच्यावर गुदरतं त्यालाच कळतं. माझी आई, तिला सगळं घर अक्का म्हणायचं आणि मीही, ती रोज दादाची थाळी वाढायची. वहिनी रोज कुंकू लावायची. थाळीतलं अन्न संध्याकाळी गाईला जायचं. दहा-बारा वर्षं हे चाललं होतं तेव्हा हा चितारी माझ्या गाडीत चढला.

मी मात्र त्याला लगेच काही बोललो नाही. आपल्या घरचं झाकलेलं भांडं पहिल्या वाटसरूपुढे उघडणारा मी नाही.

आधी त्याच्या तऱ्हा सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

त्याची पहिली तऱ्हा देवाणघेवाणीची. कोणाकडून काही फुकट घ्यायचा नाही. पैसे द्यायचाही नाही. पैसे दिले की माणूस विसरतो, म्हणायचा. एखादीने विहिरीवर पाणी पाजलं की तिथंच खाली बसून तिची बादली काढून द्यायचा. तंबाखूची चिमूट दिली की चंची काढून द्यायचा. गावातल्या निम्म्या घरांत त्याची चित्रं झाली. बाया त्यात हिंग बांधायच्या. त्याला राग नाही. उलट खूश, "कामाला आलं." आणि एखाद्याने प्रेमाने काही पुढं केलं आणि त्या वेळी देण्यासारखं त्याच्याकडे काही नसलं, तर घ्यायचाच नाही. उपाशी राहील, पण हात मागे. चोपड्याचा एक पाहुणा केळीचा घड घेऊन आला होता, त्याने एक केळं पुढं केलं. याच्याकडे कागद संपलेला. केळ्याकडे बघत बसला आणि नाही घेतलं. पाहुणा रागावून म्हणाला, "अरे, माकड तरी घेस!"

रंग विकतचे नाही वापरायचा. गेरू, हळद, आणि चुलीची काजळी. काजळी घरोघरची निरनिराळी घ्यायचा. म्हणायचा, तुरकाठ्यांचा काळा वेगळा, शेणीचा काळा वेगळा. पालथा झोपून चित्र काढायचा, भर रस्त्यात, आणि गाडीवाल्यांनी त्याला वळसा घालून जायचं. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर झोपायचा, थंडीतसुद्धा, ती पत्र्याची नळी पोटाशी घेऊन. सुरुवातीला लोकांना वाटलं हा सरकारचा मोजणीवाला आहे, नळीत नकाशे आहेत. दोन दिवस त्याला कोणी आपल्या बांधावर उभं केलं नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे समोर नाही ते काढायचं नाही. एकदा मारुतीच्या देवळाचा दरवाजा काढत होता, चौकटीवर माशी बसली. त्याने माशी काढली. माशी उडाली तर पुजारी म्हणाला, "आता पुसून टाका." हा म्हणाला, "होती ना?" आणि ठेवली. पण नसलेलं फूल देवाच्या पायाशी काढायला सांगितलं तर काढलं नाही. "नाही ते कसं काढू?"

तिसरी तऱ्हा म्हणजे जिता माणूस काढायचा नाही. बादल्या, दारं, उंबरठे, नांगर, सगळं काढील. माणूस नाही. आमचे पाटील मिशांना तेल लावून, अंगरखा घालून खुर्चीवर बसले. चारचौघं जमली.

सगळ्या गावाने बघावं म्हणून पाटील म्हणाले, "माले काढ रे साहेब. बठ्ठा गाव देखी."

हा त्यांच्याकडे नीट बघून म्हणाला, "तू आहेस ना. तुझं चित्र कशाला? दार उघडलं की तू दिसतोस."

पाटील फारच मागे लागले, तेव्हा त्याने त्यांची खुर्ची काढून दिली. रिकामी. गावात हसू झालं, पण पाटलांची म्हातारी आई काही हसली नाही. तिने तो कागद चुलीत घातला आणि नातवंडांना ताकीद दिली, त्या गोऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही. म्हातारी शहाणी होती. आम्हालाच उशिरा कळलं.

त्या नळीत काय होतं ते मला सोनगीरच्या बाजूला कळलं. त्या हिवाळ्यात गाडीला काम नसलं की मी त्याला गावोगाव फिरवायचो. तो प्रत्येक गावात एकच विचारायचा, इथून समुद्रापार कोण गेलं? एका खेड्यात एक म्हातारा खाटेवरून उठून आला. त्याचा मुलगा तिकडे थंडीतापाने मेलेला, बरोबरच्यांनी येऊन सांगितलेलं. म्हातारा म्हणाला, दाखव. चिताऱ्याने हात धुतले, नळी उघडली आणि एकेक कागद जमिनीवर मांडला. कोळशाने काढलेले चेहरे. आमच्याकडचेच. कोणाच्या कानात बाळी, कोणाचे केस उस्तरलेले. सगळे डोळे उघडे, समोर बघणारे.

म्हातारा एका कागदापाशी बसला, बाकीचे नळीतच राहिले. बोट लावलं नाही. नुसतं म्हणाला, "हाऊ." म्हणजे हाच.

"नाव?" चिताऱ्याने विचारलं.

म्हाताऱ्याने नाव सांगितलं. चितारी ते नाव घोळून घोळून बोलला, म्हाताऱ्याने दोनदा सुधारलं, मग त्याने तो कागद म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. चेहरा दिला, नाव घेतलं. ही त्याची देवाणघेवाण. तेवढ्यासाठी तो आपला मुलूख सोडून इथं आला होता.

परत येताना मी गाडीत त्याला विचारलं, "तू यांना कुठं पाहिलंस?"

तो म्हणाला, त्याच्या गावाबाहेर आमच्या लोकांचा तळ होता. हा तेव्हा तरुण पोर, तळाच्या दवाखान्यात पडेल ते काम करायचा. माणसं थंडीने मरायची. पुरण्याआधी चादर झाकायच्या आत हा त्यांना काढून ठेवायचा. त्यांचं नाव कोणाला धड बोलता येत नव्हतं, निदान चेहरा राहावा.

"पण डोळे तर उघडे आहेत."

"डोळे मी उघडले," तो म्हणाला. "तेवढंच एक माझं. बाकी सगळं होतं तसं."

नसलेलं काही न काढणाऱ्या माणसाने आयुष्यात तोवर तेवढं एक नसलेलं काढलं होतं. मी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी घराकडे दामटली. नळीत दादा असेल तर तो मेलेला आहे, हे मला त्या दिवसापासून ठाऊक. त्यापुढे कुठल्या गावात नळी उघडली की मी बैलांपाशी जाऊन उभा राहायचो.

घरी आल्यावर मी हे फक्त वहिनीला सांगितलं. अक्काला नाही. वहिनी तेव्हा गोठ्यात धार काढत होती. तिने धार थांबवली नाही. भांडं भरल्यावर म्हणाली, "भाऊ, मंग उघडू त्याची नळी. जे व्हई ते."

तिला ते का हवं होतं तेही लिहितो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या जातीत नवरा गेलेल्या बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. साक्रीकडचा एक शेतकरी, बायको वारलेला, लहान पोर पदरात, त्याने वहिनीच्या भावाकडे शब्द टाकला होता. माणूस चांगला होता, मी स्वतः जाऊन त्याचं शेत आणि त्याची जनावरं पाहून आलो होतो. ज्याची जनावरं धड त्याचं घर धड. वहिनी हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. पण त्या वर्षी तिने नवं लुगडं घडी मोडून नेसलं, ते मी पाहिलं.

पंचांचं म्हणणं एकच, आधी तुमच्या घराने ठरवा, नवरा मेला की जिता? आणि आमच्याकडे ते ठरतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. नवी घागर भरायची, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मग उंबरठा धुवायचा आणि घरातल्या कर्त्याने उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत गेलेल्यांची नावं घ्यायची. ज्याच्या नावाने बोट उठलं तो पितर झाला. ज्याचं बोट नाही तो आहे. कचेरीचा कागद असो नसो.

आबा, म्हणजे माझे वडील, वारल्यापासून बोटं मी ओढायचो. पण दरवर्षी शेवटचं बोट झालं की अक्का माझं मनगट धरायची.

"बस. मी जित्ती शे तोपर्यंत त्यानं बोट उठाले नको."

साक्रीवाल्याने आखाजीपर्यंत थांबतो असा निरोप दिला होता. त्याच्या पोराचे हाल होत होते, त्याचंही चुकत नव्हतं. मी चिताऱ्याला म्हटलं, आखाजीपर्यंत राहा. तो आमच्या धाब्यावर राहिला.

आणि अक्काने त्याला जेवू घालायला सुरुवात केली. इथंच सगळं नासलं.

मी त्याला आमच्या घरी आणला तेव्हा मला वाटलं होतं अक्का त्याला ओट्यावरच बसवील. पण तिने त्याला आत घेतलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायचं, तरी पानातलं संपवायचा. पहिले काही दिवस त्याने फेड केली. अक्काचा तवा काढला, जातं काढलं, उखळ काढलं, चुलीच्या तीन दगडांचे तीन कागद केले. मग घरातल्या वस्तूच संपल्या. एके दिवशी त्याने पानावरून हात मागे घेतला.

"अक्का, मला तू का वाढतेस? माझ्याकडे आता द्यायला काही नाही."

अक्का भाकरी थापतच म्हणाली, "जेव रे बाबा. तठे मना पोऱ्याले कोनी तरी वाढतच व्हई. तिले मी काय देस? म्हनीसन तुले वाढस."

तिकडची कोणी बाई माझ्या पोराला जेवू घालते आहे, तिच्या देण्यापोटी मी तिच्या देशाच्या पोराला घालते, असा तिचा हिशेब. दहा-बारा वर्षं तिने दादाला त्या बाईच्या चुलीपाशी बसवला होता. चितारी माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. मग तो मुकाट्याने जेवला. त्या दिवसानंतर तो दोन्ही वेळा जेवायचा आणि त्याने आमच्या घरात काही काढून दिलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस आता तुंबत चालला आहे आणि एक दिवस सगळं एकदम देऊन मोकळा होणार. पण ते कळायला देवाने मला वेगळी अक्कल द्यायला हवी होती. मी माझ्याकडून सरळ चाललो होतो.

आखाजीच्या सकाळी वहिनीने उंबरठा धुतला. आमचा उंबरठा सागाचा, मधोमध घोड्याची नाल, तिचा एक खिळा निघालेला. डाव्या अंगाला कुऱ्हाडीचा वार, आबांनी एकदा भांडणात रागाने घातलेला. मी कुंकू कालवलं. चितारी अंगणात पालथा पडून उंबरठा काढत होता. मी एकेक बोट ओढत गेलो. पणजोबा. आजोबा. आजी. मोठे काका, त्यांना पटकीने नेलं. आत्या. आबा. तो तिकडून गेरूने तेवढीच बोटं काढत गेला.

आबांचं बोट झालं आणि अक्काने माझं मनगट धरायच्या आत मी म्हणालो, "साहेब, आता नळी उघड."

तो उठून बसला. माझ्याकडे पाहिलं. वहिनी दाराआड उभी होती, तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात परात होती, ती तिने खाली ठेवली नाही.

अक्का म्हणाली, "काय शे रे त्या नळीमा?"

मी म्हटलं, "जे दादाबरोबर गेले त्यांची चित्रं आहेत, अक्का."

"आन् मंग इतला दिन कोंबडीसारखा काय उबवत बसना व्हता?"

त्याने हात धुतले. कागद मांडायला लागला. बरेचसे एव्हाना ज्याच्या त्याच्या घरी गेले होते, थोडे राहिले होते. शेवटून दुसरा कागद त्याने मांडला आणि दादा आमच्याकडे बघत होता. उजव्या भुवईवर विळ्याची खूण. मीच लहानपणी गवत कापताना मारलेला विळा तो.

अक्का ओरडली नाही, रडली नाही. पदराने हात पुसले आणि कागदावरून हळूच फिरवले. डोळ्यांवरून फिरवले. "वाळी गया," म्हणाली. मग मान वर करून चिताऱ्याला विचारलं, "तू याले देखं तवय हाऊ काय करी ऱ्हायंता?"

सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याच्यापुढे अक्काने आधीच ताट मांडून ठेवलं होतं, पितरांच्या आधी पाहुण्याला म्हणून. खापरावरची पुरणपोळी, वाटीत आंब्याचा रस. तो ताटाकडे बघत राहिला. नसलेलं फूल देवाच्या पायाशीही न काढणारा माणूस.

"जेवत होता," तो म्हणाला. "माझ्या आईच्या घरी. माझी आई वाढत होती."

अक्काने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "देख," ती मला म्हणाली, "मी काय सांगू ऱ्हायंतू? ठेव ते कुकू."

मी कुंकवाची वाटी धरून तसाच बसलो. तोंड उघडणार, तेवढ्यात दाराआडून वहिनी बाहेर आली, माझ्या हातातून वाटी घेतली आणि आत गेली. आता कोणी म्हणेल की तू का नाही बोललास? ज्याने बारा वर्षं रोज वाढलेली थाळी पाहिली नाही त्याने मला विचारू नये.

साक्रीला निरोप गेला की नवरा जिता आहे, गोऱ्या साहेबाने स्वतः पाहिला. जेठात त्या शेतकऱ्याने दुसरीकडे पाट लावला. त्याला बोल लावायला जागा नाही.

चितारी आणखी दोनच दिवस राहिला. निघायच्या सकाळी वहिनीने त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याने तो घेतला, ओठांपर्यंत नेला. तेव्हा वहिनीने विचारलं, अगदी हळू, अक्काला ऐकू जाणार नाही असं, "भाऊ, तुम्ही जित्ता मानूस कधी काढेल शे का?"

त्याने तांब्या तसाच खाली आणला आणि पाणी न पिता उंबरठ्याबाहेर ठेवला. त्याच्यापाशी तिला द्यायला काही नव्हतं म्हणून त्याने घेतलंही नाही. वहिनीने तांब्या उचलला आणि पाणी तुळशीला घातलं.

धुळ्याच्या वाटेवर मी अर्ध्यापर्यंत गाडी हाकली. मग बैल थांबवले.

"खोटं का बोललास?"

"मी खूप खाल्लं होतं," तो म्हणाला. "मला द्यायचं होतं."

"भाकरी अक्काची होती. दिलंस ते वहिनीचं होतं. तुझं काय गेलं त्यात?"

तुझी आई तरी होती का तिकडे, असं मी विचारलं. तो म्हणाला, लढाईच्या पहिल्याच वर्षी घरावर गोळा पडला, त्यात ती गेली. म्हणजे मेलेल्या बाईच्या घरी मेलेला माणूस जेवत होता. एवढी ताकदीची चूल आमच्या अक्काचीच असेल.

स्टेशनावर त्याने नळीतून कोरा कागद काढला. म्हणाला, "बस. तुझं चित्र काढतो." आयुष्यात पहिल्यांदा जित्या माणसाला काढायला बसणार होता, ते काय ते समजून घ्या. त्याला वाटलं असेल, ही मोठी फेड.

मी म्हटलं, "मी अजून आहे." आणि गाडी वळवली.

इथवर लिहून मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाना, पण तो दयेपोटी बोलला." मी म्हटलं, "मास्तर, दया स्वतःच्या कणगीतून करावी."

आता सातासमुद्रापारचं नाव कसं गेलं तेवढं राहिलं.

दोन-तीन वर्षांनी टपालाने एक गुंडाळी आली. वर माझं नाव. आत छापील कागद, तिकडच्या कुठल्याशा मोठ्या दालनातला. त्याने तिथं एक आख्खी भिंत उंबरठ्यांनी भरली होती. आमच्या मुलखातले उंबरठे, एकाखाली एक, आणि त्यांवर कुंकवाची बोटं. खाली त्यांच्या भाषेत बरंच काही लिहिलेलं. मास्तर सांगतात, दोन देशांच्या आठवणी, माणसांची देवाणघेवाण, असं काहीतरी आहे. आमचा उंबरठा मधोमध. नाल, तिचा निघालेला खिळा, आबांच्या कुऱ्हाडीचा वार. ओळखायला वेळ लागला नाही.

अक्काच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू आले होते. ती चुलीपाशी चाचपत बसलेली. मी कागद वहिनीपुढे धरला. ती उंबरठ्यावरच बसली. तो उंबरठा तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा धुतला होता, माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. तिने कागदावर बोट ठेवलं आणि एकेक खुणेवरून सरकवत नावं घेत गेली, जशी मी दर आखाजीला घेतो तशी. पणजोबा. आजोबा. आजी. काका. आत्या. आबा.

नावं संपली. तिचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. आबांच्या पलीकडे आणखी एक बोट होतं. ओलं वाटावं असं.

समोर नाही ते न काढणाऱ्या माणसाने ते काढलं होतं. अनोळखी लोकांना खरं सांगितलं होतं, ज्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. तिकडे भिंतीवर माझा भाऊ पितर झाला होता आणि इकडे त्याची थाळी रोज वाढली जात होती. साक्रीवाल्याच्या नव्या घरात तेव्हा दुसरं पोर रांगत होतं.

वहिनीचं बोट त्या खुणेवर बराच वेळ राहिलं. तिने दादाचं नाव घेतलं नाही. बाईने नवऱ्याचं घ्यायचं नसतं.

आतून अक्का म्हणाली, "काय वनं व?"

"त्या साहेबानी आपला उंबरठा काढेल शे, अक्का."

"बराबर काढेल शे का?"

वहिनी उठली. कागदाची परत गुंडाळी केली, माझ्या हातात दिली.

"हां," ती म्हणाली, "बठ्ठं बराबर शे." आणि दादाची थाळी वाढायला घेतली.